पंधरा तासांत ड्रायव्हर होत नाही

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण मनोरी-गोराई-उत्तन रस्त्यावरून ये-जा करणाऱ्यांनी, आणि ज्यांच्या घरात एखादा पोरगा "हेवी लायसन्स काढतो" म्हणतोय त्यांनी, शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. ट्रक शिकणाऱ्याला प्रत्यक्ष स्टिअरिंगवर किमान १५ तास मिळाले पाहिजेत, असं आपला नियम म्हणतो. पंधरा. मुळात हेच कमी आहेत. आणि हे पंधरासुद्धा पुष्कळ ठिकाणी फक्त रजिस्टरमध्ये पूर्ण होतात. मग तोच पोरगा दुसऱ्या महिन्यात खडीने भरलेला हायवा घेऊन आपल्या रस्त्यावर येतो. काही झालं की आपण त्याला धरून मारतो, मालक जामिनाचं बघतो आणि प्रश्न तिथेच संपतो. त्याला शिकवलं कुणी, किती आणि कसं, हे कुणीच विचारत नाही.

आत्ताच का लिहितोय? आपलं गाव मुंबई महापालिकेत असलं तरी ट्रकसाठी मनोरीला एकच वाट आहे. मार्वेच्या बोटीतून माणसं येतात, बाईक येते. ट्रक येतो तो भाईंदर पश्चिमेवरून मुर्धा, राई, मोर्वा, पुढे उत्तन आणि मग गोराई. रस्ता अरुंद, कुठे एका अंगाला घरांच्या पायऱ्या, कुठे खाजण. सकाळी शाळेची पोरं, मासळीच्या पाट्या घेऊन निघालेल्या बायका आणि शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्या. समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प मनोरीत करायचं महापालिकेने २०२० मध्ये जाहीर केलं. रोज २०० दशलक्ष लिटर पाण्याचा, पुढे ४०० पर्यंत वाढवता येईल असा. प्रकल्प हवा की नको यावर गावात दोन मतं आहेत, तो वाद या पोस्टमध्ये नको. पण एवढं मोठं बांधकाम म्हटलं की डंपर, मिक्सर, ट्रेलर आलेच. ते याच रस्त्याने येणार. आणि त्यातल्या काही गाड्यांवर आपल्याच गावांतली पोरं ड्रायव्हर म्हणून लागणार, कारण मासेमारीत आता सगळ्यांचं भागत नाही. म्हणजे गाडीखाली येणारा आपला आणि गाडी चालवणाराही आपलाच, अशी वेळ येऊ शकते.

आधी कायदा काय सांगतो ते बघू, कारण इथेच बराच गोंधळ आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. व्यावसायिक वाहनासाठी वय २० पूर्ण हवं. हलक्या वाहनाचं, म्हणजे कारचं, लायसन्स किमान एक वर्ष जुनं हवं. मग हेवीचं कच्चं लायसन्स, मग ड्रायव्हिंग स्कूल. स्कूल फॉर्म ५ देतं, म्हणजे या माणसाने आमच्याकडे प्रशिक्षण घेतलं असा दाखला. तो घेऊन आरटीओची टेस्ट आणि पास झालात की पक्कं लायसन्स. आठवी पासची अट होती, ती २०१९ मध्ये काढली. तेव्हा केंद्राचं म्हणणं होतं की पुस्तकी शिक्षणापेक्षा हातातलं कौशल्य महत्त्वाचं, आणि प्रशिक्षण व चाचणीवर जोर देऊ. अट काढली ते बरोबरच झालं. सातवी शिकलेला माणूस उत्तम ट्रक चालवू शकतो. पण मग जोर देण्याचं जे म्हणाले, ते दिसायला हवं होतं.

दुसरी गोष्ट. प्रत्येक टेम्पोवाल्याला हेवी लागत नाही. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येतं. त्यामुळे मासळीचा छोटा टेम्पो चालवणाऱ्याला कुणी एजंट "हेवी काढ, नाहीतर पकडतील" सांगत असेल, तर आधी गाडीच्या आरसी बुकातलं वजन बघा. हेवीचा प्रश्न त्याच्या वरच्या गाड्यांचा. तीन आक्सलचा हायवा मालासकट २८.५ टनांपर्यंत भरता येतो. कारचं लायसन्स एक वर्ष खिशात असलेला वीस वर्षांचा मुलगा आणि २८ टन, यांच्या मधे उभी आहे ती फक्त ड्रायव्हिंग स्कूल. म्हणून ती शाळा कशी आहे, हा आपल्या सगळ्यांच्या जिवाचा प्रश्न आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत या शाळेचा अभ्यासक्रम लिहिलेला आहे. व्यावसायिक वाहनासाठी प्रशिक्षण किमान ३० दिवसांचं, त्यात प्रत्यक्ष चालवणं किमान १५ तास. प्रत्येक शिकाऊ माणूस कोणत्या दिवशी किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत स्टिअरिंगवर होता, याची नोंद शाळेने फॉर्म १५ च्या रजिस्टरमध्ये ठेवायची. कागदावर व्यवस्था वाईट नाही.

आता जमिनीवरची गोष्ट. मी स्वतः हेवीचं प्रशिक्षण घेतलंय, म्हणून सांगतो. शाळेचं नाव घेत नाही, कारण प्रश्न एका शाळेचा नाही आणि आमचे शिकवणारे सर माणूस म्हणून फार चांगले होते. आयुष्यभर नॅशनल परमिटवर फिरलेले. गाडी एक, जुनी, दोन आक्सलची, कायम रिकामी. आम्ही चौघं. एक मी, एक गोराईचा, एक पालघरकडचा आणि एक जौनपूरचा, जो मालाडला चुलत्याकडे राहायचा. सकाळी एक तासाचं सेशन. एक तास भागिले चार, म्हणजे माणशी पंधरा मिनिटं. त्यातही बदलाबदलीत दोन-तीन मिनिटं जायची, ती धरत नाही. रविवार सोडले तर महिन्याचे २६ दिवस. २६ गुणिले १५ मिनिटं, किती झाले? साडेसहा तास. तेही गाडी एकदाही बिघडली नाही, पाऊस पडला नाही आणि एकही खाडा झाला नाही असं धरून.

रजिस्टरमध्ये मात्र चौघांचे पंधरा-पंधरा तास पूर्ण.

मी विचारलं तर ऑफिसमधून उत्तर आलं, "भाऊ, सगळीकडे असंच असतं. फॉर्म पाच मिळाल्याशी मतलब." उरलेल्या तासांचे वेगळे पैसे भरून मी तास पुरे केले. माझ्याकडे तेवढे होते म्हणून. बाकी तिघांकडे नव्हते. जौनपूरच्या पोराने तर फीच चुलत्याकडून उसनी आणली होती, त्याला महिना संपल्यावर लगेच कामावर चढायचं होतं. म्हणजे काय झालं बघा: ज्याला गरज जास्त, जो सर्वात आधी रस्त्यावर येणार, तोच सर्वात कमी शिकून बाहेर पडला. यात त्या पोराचा दोष काय?

पंधरा मिनिटांत शिकतो काय माणूस? क्लच सोडायचा, गाडी बंद पडू द्यायची नाही, गिअर बदलायचे, मैदानात वळवायची, रिव्हर्स घ्यायची. टेस्टला जे विचारतील तेवढंच. टेस्ट पास होण्यासाठी ते पुरतंही. पण रस्त्यावर माणसं मरतात ती टेस्टमध्ये न विचारलेल्या गोष्टींनी.

पहिली गोष्ट लोड. रिकामा ट्रक आणि भरलेला ट्रक या दोन वेगळ्या गाड्या आहेत. रिकाम्या गाडीत ज्या अंतरावर ब्रेक दाबून गाडी थांबते, त्याच अंतरावर भरलेली थांबत नाही. मिक्सरचं वजन उंचावर असतं आणि आतला माल फिरत असतो, वळणावर थोडा वेग जास्त झाला की तो कलंडतो. अर्धा भरलेला पाण्याचा टँकर आणखी वाईट. ब्रेक मारला की पाणी पुढे धावतं आणि थांबत आलेल्या गाडीला पुन्हा ढकलतं. हे सांगून कळत नाही, चालवूनच कळतं. आणि शिकताना भरलेली गाडी कुणाला मिळत नाही.

दुसरी गोष्ट उतार आणि ब्रेक. जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. कारण उतारावर नुसता ब्रेक दाबत राहिलं की लायनिंग तापतं आणि पकड सुटते. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडली तर इंजिनाचा जो आपोआप ब्रेक मिळतो, तोही जातो. इंजिनच बंद केलं तर ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो आणि स्टिअरिंग दगडासारखं होतं. २० नोव्हेंबर २०२२ ला पुण्याच्या नवले पुलावर एका ट्रकने अनेक गाड्या ठोकल्या. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली होती, असं प्राथमिक तपासात पुढे आलं. मुंबईच्या सपाट मैदानात शिकलेल्या मुलाला हे कुणी आणि कुठे दाखवायचं?

तिसरी गोष्ट न दिसणारी जागा. ट्रकच्या कॅबिनमध्ये पहिल्यांदा बसलात की धक्का बसतो. नाकासमोर, बंपरला लागून उभा असलेला माणूस दिसतच नाही. डाव्या दरवाजाखालची स्कूटी दिसत नाही. आणि डावीकडे वळताना पुढचं चाक मोठा फेर घेतं, मागचं चाक आतून कापत येतं. आपल्याकडे कोपऱ्यावर ट्रक थांबला की आपण बाईक हमखास त्याच डाव्या फटीत घालतो. ड्रायव्हरला हे शिकवायला हवं तसं आपल्यालाही शिकायला हवं, पण आधी त्याला. कारण चाक त्याच्या हातात आहे.

रात्र, पाऊस, समोरून येणारा झगझगीत लाईट, झोप, मालकाचा फोन, "अजून एक ट्रिप मार" ही घाई, हे तर वेगळंच. ट्रिपवर पैसे मिळणाऱ्या माणसाला हळू चालव सांगणं सोपं असतं.

गाडी बदलली की पुन्हा शिकावं लागतं, हेही आपण मानत नाही. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ला पश्चिमेला एस. जी. बर्वे मार्गावर बेस्टसाठी चालणारी इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली. ९ जणांचे जीव गेले, चाळीसच्या वर जखमी झाले. प्रकरण न्यायालयात आहे, दोष कुणाचा ते न्यायालय ठरवेल. पण त्या वेळी बातम्यांमधून जे समोर आलं ते असं, की ड्रायव्हरला आधीचा अनुभव लहान बसचा होता आणि १२ मीटरची, क्लच-गिअर नसलेली इलेक्ट्रिक बस थोड्याच दिवसांच्या ट्रेनिंगनंतर हातात आली होती. अनुभव होता, लायसन्स होतं. त्या गाडीचा सराव किती होता, हा प्रश्न मात्र अपघातानंतर विचारला गेला. आधी विचारला असता तर?

आता कुणी म्हणेल, पूर्वी कुठे होत्या शाळा? उस्तादाच्या हाताखाली पोरं शिकलीच ना! बरोबर आहे, आणि मला ती पद्धत आवडते. क्लीनर म्हणून गाडीवर चढायचं, टायर तपासायचे, दोर आवळायचे, रात्री उस्तादाला जागं ठेवायचं, रिव्हर्सला मागे उभं राहून "आन दे, आन दे" करायचं. दोन-चार वर्षांनी मोकळ्या हायवेवर उस्ताद म्हणायचा, बस जरा. त्या पोराने तोवर हजारो किलोमीटर नुसते डोळ्यांनी चालवलेले असायचे.

आपल्या कोळीवाड्यात वेगळं काय आहे? पोरगा आधी खलाशी म्हणून बोटीवर जातो. जाळं ओढतो, बर्फ फोडतो, उधाण-भांग समजून घेतो. तांडेल व्हायला वर्षं जातात. महिनाभर रोज पंधरा मिनिटं सुकाणू धरलेल्या पोराच्या हाती आपण भर पावसाळ्याच्या तोंडावर बोट देऊ का? गावातली म्हातारी माणसं वेड्यात काढतील. समुद्राबद्दल जी अक्कल आपल्याकडे आहे, ती रस्त्याबद्दल कुठे जाते?

पण ती उस्ताद-क्लीनरची साखळी आता तुटत चालली आहे. मालकाला क्लीनरचा पगार परवडत नाही. २०२५ च्या जुलैमधल्या वाहतूकदारांच्या आंदोलनात क्लीनरची सक्ती काढा ही एक मागणीच होती. त्यांचं गणित मी समजू शकतो. पण क्लीनर गेला म्हणजे शिकण्याची जुनी जागा गेली. नवीन जागा म्हणून जी शाळा आहे, ती साडेसहा तासांची. मधली दोन-चार वर्षं कुठे भरून काढायची, याचं उत्तर कुणाकडेच नाही.

केंद्रीय वाहतूक मंत्री नितीन गडकरी अनेकदा सांगतात की देशात सुमारे २२ लाख ड्रायव्हर कमी आहेत. हे ऐकून आपल्या पोरांना वाटतं, चला, नोकरी पक्की. खरं आहे. पण एवढा तुटवडा असताना मालक समोर आलेल्याला किती पारखून घेईल? तुटवडा जितका जास्त, तितकं कच्च्या हातात स्टिअरिंग जाण्याचं प्रमाण जास्त. २०२२ मध्ये एकट्या महाराष्ट्रात रस्ते अपघातांत १५,२२४ माणसं गेली. दिवसाला चाळीसच्या वर. सगळे ट्रकमुळे गेले असं मी म्हणत नाही, आणि कित्येक अपघातांत ट्रक ड्रायव्हरच मेलेला असतो, हेही विसरू नका.

सरकारने काहीच केलं नाही असंही नाही. १ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त ड्रायव्हर ट्रेनिंग सेंटरचे नवीन नियम लागू झाले. तिथे हेवीचा कोर्स सहा आठवड्यांत ३८ तासांचा, सिम्युलेटर हवा, स्वतःचा ट्रॅक हवा. तिथे पास झालात की आरटीओची टेस्ट माफ. कल्पना चांगली. दोन अडचणी आहेत. एक, जुन्या नियमांची साधी शाळाही चालूच आहे, आणि ती स्वस्त. गरजू पोरगा कुठे जाईल ते सांगायला नको. दोन, आरटीओची टेस्ट माफ केली म्हणजे सगळा भरवसा सेंटरच्या रजिस्टरवर टाकला. रजिस्टरमध्ये काय लिहिलं जातं ते वर सांगितलंच. पुण्यात नाशिक फाट्याजवळ आयडीटीआरसारखी चांगली संस्था आहे. पण मनोरीच्या पोराने सहा आठवडे पुण्यात राहायचं, खायचं, फी भरायची आणि घरी पगार शून्य, हे कितीजणांना जमेल?

आपल्या एसटीने एक गोष्ट करून दाखवली आहे, तिचं कौतुक व्हायला हवं. महिला चालक घ्यायचं ठरवलं तेव्हा हेवीचा अनुभव असलेल्या बायका मिळणार कुठून? मग महामंडळाने हलक्या वाहनाचं लायसन्स असलेल्या मुली घेतल्या आणि मोठी बस स्वतः शिकवली. २०१९ ला प्रशिक्षण सुरू झालं, मधे कोरोना आला, आणि जून २०२३ मध्ये अर्चना आत्राम यांनी सासवड-नीरा मार्गावर प्रवाशांची एसटी चालवली. म्हणजे नोकरी देणाऱ्यानेच शिकवायचं ठरवलं तर शून्यापासून ड्रायव्हर घडवता येतो. युरोपात तर व्यावसायिक ट्रक ड्रायव्हरला लायसन्सशिवाय वेगळी पात्रता लागते, छोट्यातला छोटा कोर्स १४० तासांचा, आणि नंतर दर पाच वर्षांनी ३५ तासांची उजळणी. आपल्याकडेही व्यावसायिक लायसन्स पाच वर्षांनी रिन्यू होतं. डॉक्टरचा दाखला मागतात. माणसाची तब्येत तपासतात, त्याचं ड्रायव्हिंग तपासत नाहीत.

या सगळ्यावर आपल्या राज्यकर्त्यांचा आवडता उपाय एकच, शिक्षा वाढवा. भारतीय न्याय संहितेत अपघात करून न कळवता पळून गेलेल्याला १० वर्षांपर्यंत कैदेचं कलम आलं. जानेवारी २०२४ च्या पहिल्याच दोन दिवसांत ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या, आणि पेट्रोल पंपांवर काय रांगा लागल्या ते आपण पाहिलं. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते कलम, १०६ चं पोटकलम २, थांबवून ठेवावं लागलं. पळून जाणाऱ्याची बाजू मी घेत नाही. जखमी माणसाला रस्त्यावर टाकून जाणं हा गुन्हाच. पण १० वर्षांची शिक्षा लिहायला एक ओळ पुरते. पंधरा खरे तास शिकवायला ट्रक लागतो, डिझेल लागतं, माणूस लागतो. स्वस्तातलं आपण आधी केलं.

आता विरोधातला सर्वात वजनदार मुद्दा. "तास वाढवले, नियम कडक केले तर फी वाढेल आणि गरीब पोरांचं दार बंद होईल. नाहीतर एजंटचा रेट वाढेल, बाकी काही होणार नाही." हा मुद्दा खोटा नाही. ट्रक एक तास फिरवायचा तर डिझेलच किती जातं. चार पोरांच्या फीमध्ये शाळेला प्रत्येकी पंधरा तास परवडत नाहीत, म्हणूनच ते रजिस्टरमध्ये भरले जातात. शाळामालक सगळे चोर आहेत असं मला वाटत नाही. पण म्हणून तो खर्च कुणीच करायचा नाही? तो खर्च कुठे जात नाही, फक्त जागा बदलतो. शाळेत वाचलेलं डिझेल रस्त्यावर कुणाच्या तरी घरातून वसूल होतं. माझं म्हणणं इतकंच की हा खर्च शिकणाऱ्या पोराने करू नये. ज्याला ड्रायव्हर हवाय आणि ज्याचा माल त्या गाडीतून जाणार आहे, त्याने करावा.

म्हणून माझ्या मागण्या सांगतो. मोठ्या नाहीत, स्थानिक आहेत.

एक. मनोरी-गोराई भागात महापालिकेच्या कोणत्याही मोठ्या कामाच्या कंत्राटात अट असावी, की साइटवर येणाऱ्या प्रत्येक अवजड गाडीच्या ड्रायव्हरने भरलेल्या गाडीवर अनुभवी ड्रायव्हरसोबत ठरावीक दिवस काम केलेलं असलं पाहिजे, आणि त्याची नोंद साइटवर बघायला मिळाली पाहिजे. हेल्मेट आणि बुटांची अट घालता येते, तर ही का नाही?

दोन. कंत्राटदार स्थानिक पोरांना घेणार असेल तर त्यांचं प्रशिक्षण त्याच्या खर्चाने. एसटीने केलं, त्यांनाही जमेल. आणि शिकत असतानाही पगार.

तीन. बेस्टचं ट्रेनिंग सेंटर दिंडोशीला आहे. मार्वेला उतरलं की मालाड ओलांडून तासाभरात पोहोचता येईल. तिथे बाहेरच्या होतकरू पोरांसाठी रास्त फीमध्ये बॅच सुरू करावी. पुण्याला जायची गरज पडू नये.

चार. फॉर्म १५ चं रजिस्टर शाळेच्या कपाटात राहू नये. शिकाऊ माणसाच्या मोबाईलवर त्याच दिवशी मेसेज यावा: आज तुम्ही अमुक मिनिटं चालवलंत, बरोबर आहे का? बँक पन्नास रुपये कापले तरी मेसेज पाठवते. इथे तर जिवाचा हिशेब आहे.

पाच. सकाळी शाळेच्या वेळेत आणि संध्याकाळी बाजाराच्या वेळेत मनोरी-गोराई-उत्तन रस्त्यावर अवजड गाड्या बंद. कितीही चांगला ड्रायव्हर असला तरी या रस्त्याला त्या वेळी ट्रकची जागाच नाही.

आणि आता आपल्या पोरांसाठी, जे यंदा हेवी काढणार आहेत. फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: एका गाडीवर किती जण शिकतात, रोज माणशी किती मिनिटं मिळतात आणि भरलेली गाडी कधी दाखवणार. आपले तास स्वतःच्या वहीत तारखेसकट लिहून ठेवा. रजिस्टर बघायला मागा, तो तुमचा हक्क आहे. शाळा संपल्यावर लगेच एकट्याने गाडी घेऊ नका. ओळखीच्या जुन्या ड्रायव्हरसोबत दोन-तीन महिने बसा, पगार थोडा कमी मिळाला तरी चालेल. मालक म्हणाला "लायसन्स आहे ना, मग काय घाबरतोस," तर त्याला सांगा, घाबरत नाही, शिकतोय. यात लाज कसली? तांडेलाच्या पोरालासुद्धा आधी खलाशी व्हावं लागतं.

घरच्यांनाही एक सांगणं. पोराने लायसन्स आणलं की पेढे वाटा, जरूर वाटा. पण त्याला विचारा, किती तास चालवलीस रे? त्याने खरं उत्तर दिलं तर रागावू नका. पुढचे तास कुठून मिळतील ते त्याच्यासोबत बसून बघा.

यातल्या पाच मागण्यांचं पत्र तयार करतोय, वॉर्ड ऑफिस, आरटीओ आणि आपले लोकप्रतिनिधी या सगळ्यांना देण्यासाठी. मनोरी, गोराई, कुळवेम, उत्तन या गावांतल्या ज्यांना सही करायची आहे त्यांनी कळवा. जुन्या ट्रक आणि डंपर ड्रायव्हरांनी तर नक्की बोला. तुम्ही कसे शिकलात, किती दिवसांनी पहिल्यांदा भरलेली गाडी हातात आली, ते लिहा. पत्रात आमच्यासारख्या नवशिक्यांच्या तक्रारीपेक्षा तुमच्या अनुभवाला जास्त वजन राहील. पटलं तर पोस्ट पुढे पाठवा, आणि पटलं नसेल तर कुठे पटलं नाही तेही सांगा.